गाभण घोडीची निगा



पलूस तालुका हा गाई-म्हशींचा मुलूख. भिलवडी, अंकलखोप, आमणापूर, दुधोंडी, कुंडल, कुठेही जा, पहाटे दुधाची किटली घेऊन निघालेला माणूस दिसल्यावाचून राहायचा नाही. गाय विताना काय करायचं, हे इथल्या घरधनिणीला कुणी शिकवायला नको. आणि नेमक्या याच कारणासाठी आज मला तुमच्याशी घोडीबद्दल बोलायचं आहे. गाईचं शहाणपण घोडीला लावायला गेलं की घात होतो. गाय अडली असता माणूस जो धीर धरतो, तोच धीर घोडीच्या वेळी धरला तर शिंगरू हातचं जातं. कधी कधी घोडीही जाते.

तुम्ही म्हणाल, टांगे गेले, छकड्याला घोडं जुंपायचे दिवस गेले, आता घोडी आहे कुणाकडे? आहे. पाऊसकाळ सरला की पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातले मेंढपाळ कळप घेऊन कृष्णाकाठाकडे उतरतात. तुमच्याच रानात मेंढरं बसवतात, खताचे पैसे नाहीतर धान्य घेतात आणि पुढच्या गावाला निघतात. त्यांचं सारं बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर असतं. वाघर, भांडी, अंथरूण, धान्याची पोती, खुराड्यातल्या कोंबड्या आणि वर एखादं नुकतं जन्मलेलं कोकरू. ही लहान चणीची, काटक घोडी म्हणजे आपली भीमथडी. मराठ्यांच्या फौजा ज्या दख्खनी तट्टांवर दौडल्या, त्यांचा हा वंश. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं २०२४ साली भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. नोंद झाली हे चांगलंच झालं, पण जात कागदावर वाढत नाही. ती तळावर, उघड्या रानात, रात्री दोन वाजता वाढते किंवा बुडते. मेंढपाळाशिवाय गावात कुणाकडे वरातीची घोडी असते, कुणी हौसेनं पाळलेली असते. हे बोलणं त्या सगळ्यांसाठी आहे. आणि ज्यांच्या रानात मेंढरं बसतात त्या बागायतदारांसाठीही आहे, कारण अडीनडीला मेंढपाळ तुमच्याच दाराशी येणार.

पहिली गोष्ट दिवसांची. गाईचे नऊ महिने नऊ दिवस, म्हशीचे दहा महिने दहा दिवस, हा हिशेब तुम्हाला पाठ आहे. घोडीचे अकरा महिने आणि वर काही दिवस, सरासरी ३४० दिवस धरा. लक्षात ठेवायला सोपी युक्ती सांगतो. गुढीपाडव्याला घोडी फळवली असेल तर ती पुढच्या होळी-धुळवडीच्या सुमाराला विते. मध्ये अधिक महिना पडला तर एक महिना अलीकडे मोजा. पण घोडीचं वेळापत्रक गाईइतकं पक्कं नसतं. कुणी ३२० दिवसांत विते, कुणी पुरं वर्ष घेते, आणि दोन्ही शिंगरं धडधाकट निपजतात. म्हणून दिवस उलटले एवढ्यावरून घाबरून सुई टोचून कळा आणायच्या मागे लागू नका. ज्या दिवशी घोडी फळवली तो दिवस मात्र भिंतीवर, वहीत, मोबाईलमध्ये, कुठंतरी लिहून ठेवा. ‘आखाडाच्या आगंमागं’ असं सांगणाऱ्याला डॉक्टर काय सल्ला देणार?

गाभण आहे की नाही, हे पोटावरून ओळखायला पाच-सहा महिने लागतात आणि तरीही फसगत होते. डॉक्टर सोनोग्राफीनं दोन-अडीच आठवड्यांतही सांगू शकतात. हा खर्च करावा असं मी म्हणतो, ते एका खास कारणासाठी. घोडीला जुळं मानवत नाही. शेळी-मेंढीला जुळं झालं की आपण पेढे वाटतो. घोडीच्या पोटात दोन जीव राहिले तर बहुतेक वेळा दोन्ही मधेच गाभडतात. सुरुवातीला कळलं तर डॉक्टरांना त्यावर इलाज करता येतो. उशिरा कळून फारसा उपयोग नसतो.

आता खाण्याचं. पहिले सात-आठ महिने घोडीला नेहमीपेक्षा फार वेगळं काही लागत नाही. बरगडी डोळ्यांना दिसू नये पण हाताला लागावी, एवढं अंग असलं म्हणजे झालं. शेवटच्या तीन महिन्यांत शिंगरू झपाट्यानं वाढतं. त्याच्या वजनाचा मोठा भाग याच दिवसांत भरतो. आणि तेवढ्यातच पोटात जागा कमी झाल्यामुळं घोडीला एका वेळी पोटभर वैरण खाववत नाही. म्हणून चंदी वाढवायची, पण वाटून द्यायची. अडीचशे-तीनशे किलो वजनाच्या घोडीला सगळा कोरडा चारा-दाणा मिळून दिवसाला ५ ते ६ किलो लागतो. त्यांपैकी किलो-दीड किलो चंदी असावी, तीही दोन-तीन तोबऱ्यांत. जव, ओट, भिजवलेला हरभरा, थोडा गव्हाचा कोंडा, असं मिश्रण चांगलं. लसूणघास मिळाला तर सोनं. नुसत्या कोंड्यावर मात्र ठेवू नका, त्यानं हाडातला चुना कमी पडतो. मिठाचा खडा जवळ असावा आणि स्वच्छ पाणी मागेल तेव्हा मिळावं.

इथं पुन्हा गोठ्यातली सवय आडवी येते. गाईपुढचं पोतं उघडं असतं, त्यातलीच ओंजळभर पेंड घोडीला टाकली जाते. हे करू नका. गाईगुरांच्या काही गोळी पेंडीत आणि कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते पचतं, कोंबडीला ते मानवतं. घोड्याला तेच जहर आहे. त्यानं घोड्याचं काळीज निकामी होतं आणि त्यावर उतारा नाही. पोत्यावर काय लिहिलं आहे ते वाचल्याशिवाय, आणि कळलं नाही तर विचारल्याशिवाय, दुसऱ्या जनावराचं खाद्य घोडीच्या तोंडाला लावू नये. ओळखीच्या बागायतदारानं प्रेमानं दिलं तरी लावू नये.

बुरशी धरलेला कडबा गाय एखादे वेळी खपवून घेईल. घोडीला त्यानं पोटशूळ उठतो आणि गाभण घोडी गाभडूही शकते. पावसात भिजलेल्या गंजीच्या तळचा कडबा हुंगून पाहा. कुबट वास आला तर टाकून द्या. वाळलेला, खमंग कडबा हरकत नाही. पण ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत आणि हिरव्या ज्वारीत गाभण घोडी चरू देऊ नका. त्या कोवळ्या ज्वारीत जे विष असतं, ज्याला आपण किरळ लागणं म्हणतो, ते घोडीला बाधतंच, शिवाय पोटातल्या शिंगराचे सांधे आखडल्याचंही पाहण्यात आलेलं आहे. आपल्याकडे उसाच्या तोडीत वाढं फुकट मिळतं. त्यानं पोट भरतं, अंगाला फारसं लागत नाही. त्यावरच घोडी जगवू नये. आणि द्राक्षबागेतलं गवत? बागेला औषधं कधी मारली हे बागवाल्याला विचारा, तो सांगेल. न विचारता कापलेला भारा घोडीपुढे टाकू नका.

कामाचा प्रश्न अवघड आहे, आणि मी तो सोपा करून सांगणार नाही. ज्याचं घरच घोडीवर चालतं त्याला ‘तीन महिने ओझं लादू नका’ असं सांगणं ऐकायला बरं वाटतं, पण बिऱ्हाड उचलायचं कशानं? चालण्यानं गाभण घोडीचं काही बिघडत नाही. उलट चालती घोडी सुखानं सुटते. बिघडतं ते ओझ्यानं, पळवण्यानं आणि उतारावर पाय घसरण्यानं. म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत ओझं निम्म्यावर आणा आणि शेवटच्या महिन्यात पाठ मोकळी ठेवा. वाड्यात चार बिऱ्हाडं असतात, घोडी सगळ्यांच्या असतात. ओझं वाटून घेता येतं. जड सामान टेम्पोनं पुढं पाठवणारी मंडळीही आता दिसतात. शर्यत आणि वरात या दिवसांत अजिबात नको. वरातीतला बँड आणि फटाके ही गाभण घोडीला शिक्षाच आहे.

विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी धनुर्वाताची लस टोचून घ्या. सगळ्या जनावरांत धनुर्वाताला घोड्याइतकं बळी पडणारं जनावर क्वचितच असेल. लस या वेळी टोचली म्हणजे घोडीच्या अंगातलं बळ चिकात उतरतं आणि चिकातून शिंगराला मिळतं. इतर लसी आणि जंताचं औषध यांबद्दल त्याच भेटीत विचारा. मनानं काही पाजू नका. मागच्या पायांना नाल असतील तर नालबंदाकडून काढून घ्या, म्हणजे उठता-बसता शिंगराला इजा होणार नाही.

दिवस भरत आले की घोडीकडे रोज सकाळ-संध्याकाळ नीट पाहावं. विण्याच्या दोन ते चार आठवडे आधी कास भरू लागते. शेपटीच्या मुळाजवळचे स्नायू सैल पडतात, निरण लांबट आणि ढिली दिसते. शेवटच्या चार-सहा दिवसांत सड भरतात आणि मग त्यांच्या टोकांवर मेणाच्या थेंबासारखा पिवळसर चीक साकळतो. हे मेण दिसलं की बहुतेक घोड्या एक-दोन दिवसांत, फार तर चार दिवसांत वितात. पण सगळ्याच घोड्या हा नियम वाचून आलेल्या नसतात. एखादीला मेण दिसतच नाही आणि सकाळी पाहावं तर शिंगरू उभं!

इथं एक इशारा. दिवस भरायला महिना-दोन महिने असताना कास उतरली किंवा दूध गळू लागलं, तर ‘घोडी दुधाळ आहे’ म्हणून खूश होऊ नका. पोटात जुळं असल्याची किंवा वारेला रोग लागल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि दिवस भरलेल्या घोडीचा चीक विण्याआधीच धार लागून वाहू लागला, तर तो मातीत जाऊ देऊ नका. उकळून थंड केलेल्या स्वच्छ भांड्यात धरा आणि कुणाच्या तरी फ्रिजमध्ये ठेवा. का, ते पुढं सांगतो.

विण्याची जागा कोरडी, स्वच्छ आणि मोकळी हवी. गाईच्या गोठ्यातल्या शेणकाल्यात घोडीला विऊ देऊ नये. घरी असेल तर बारा हात लांब, बारा हात रुंद अशी जागा भरपूर झाली. त्याहून थोडी कमी असली तरी चालेल. खाली गव्हाचं काड किंवा भाताचं पिंजर जाड अंथरा. उसाचं पाचट टाकायचं तर धूळ आणि बुरशी नसलेलं टाका. तळावर असाल तर स्वच्छ गवताचं सपाट रान उत्तम; खड्डा, ओघळ, विहिरीचा काठ आणि तारेचं कुंपण टाळा. आणि मुख्य म्हणजे अगाडी-पिछाडी सोडा. बांधलेली घोडी विताना लोळते, कुशी बदलते, दोरात पाय अडकतो आणि शिंगरू तिच्याखाली सापडतं. मेंढरांची कुत्री लांब बांधा. ती इमानी असतात, पण घोडीला त्या वेळी त्यांचं इमान नको असतं.

घोड्या बहुतेक रात्रीच वितात. त्याला कारण आहे. रानातल्या घोडीला पळून जाण्यावाचून दुसरं हत्यार नाही, तेव्हा सगळं निजल्यावर, अंधारात, झटपट मोकळं व्हायचं हा तिचा जातिधर्म. भोवती गडबड असेल तर ती कळा रोखून धरू शकते. म्हणून राखण करायची ती लांबून, न बोलता, बॅटरीचा झोत तोंडावर न टाकता. दहा माणसं भोवती उभी राहून विडी ओढत गप्पा मारत असतील तर घोडी पहाटेपर्यंत वाट पाहील आणि नेमका तुमचा डोळा लागला की विईल.

कळा सुरू झाल्या की घोडी चारा सोडते, फेऱ्या मारते, कुशीकडे वळून पाहते, बसते, उठते, थोडी थोडी लीद टाकते. बगलेत आणि कुशीवर घाम येतो. पाहणाऱ्याला वाटावं की पोटशूळ उठला. हे तासभर चालेल किंवा चार तास चालेल. यात घाबरण्यासारखं काही नाही. एवढ्यात शेपटी सैल फडक्यात गुंडाळून बांधून घ्या, निरणीचा भाग साबणाच्या पाण्यानं धुऊन घ्या आणि मागं सरा.

मग पाणमोट फुटते. या क्षणी घड्याळ पाहा. ही गोष्ट मी दोनदा सांगतो: पाणमोट फुटली की घड्याळ पाहा. गाय इथून पुढं तास-दोन तास घेते आणि वासरू जिवंत असतं. घोडीच्या कळा फार जोरकस असतात आणि तिची वार सुटायला लागली की लवकर सुटते. एकदा वार सुटली की शिंगराचा श्वास तिथंच संपला, कारण आत त्याला दुसरी हवा नाही. घोडीचं सारं काम वीस ते तीस मिनिटांत उरकलं पाहिजे. पाणी फुटल्यावर दहा मिनिटांत काहीच दिसलं नाही, किंवा दिसलं आणि पंधरा मिनिटांत पुढं सरकलं नाही, तर ‘सकाळी बघू’ हा शब्द उच्चारू नका. तेव्हाच्या तेव्हा डॉक्टरांना फोन लावा.

दिसायला काय पाहिजे? आधी पांढुरकी, निळसर झाक असलेली पातळ पिशवी दिसते. तिच्यात पुढचा एक पाय, त्याच्या चार-सहा बोटं मागं दुसरा पाय आणि त्यांच्या वर टेकलेलं नाक. विहिरीत सूर मारणारं पोर जसं हात पुढं करून डोकं मधे घालतं, तशी ही बैठक. एक पाय मागं असतो तो अडल्यामुळं नव्हे. खांदे एकामागून एक बाहेर पडावेत म्हणून ती सोय असते. टापांचे तळवे जमिनीकडे असावेत. तळवे आभाळाकडे दिसले, एकच पाय दिसला, किंवा नाक आलं आणि पाय नाहीत, तर शिंगरू वाकडं आहे. डॉक्टर येईपर्यंत घोडीला उठवा आणि हळूहळू चालवा. चालती घोडी जोर कमी लावते, तेवढा वेळ मिळतो. हात घालून उलटापालट करू नका. गाईचं वासरू तुम्ही असं फिरवलं असेल. शिंगराचे पाय फार लांब असतात आणि घोडीचा जोर असा असतो की गर्भाशय फाटायला वेळ लागत नाही.

एक खूण मात्र अशी आहे, की तिथं डॉक्टरांची वाट पाहायची नाही. पांढऱ्या पिशवीऐवजी लाल, मखमलीसारखी पिशवी बाहेर आली, तर वार शिंगराच्या आधीच सुटली आहे. शिंगरू आत गुदमरतं आहे. ती लाल पिशवी ताबडतोब फाडा, हातानं फाटली नाही तर बोथट टोकाच्या कात्रीनं जपून फाडा, आतले पाय धरा आणि कळ येईल तसं ओढून घ्या. फोन दुसऱ्या कुणीतरी लावावा.

एरवी सरळ आलेल्या शिंगराला ओढायची गरज नसते. फारच अडलं तर कळेबरोबर, कळेपुरतं, एका किंवा दोघा माणसांनी आणि सरळ मागं नव्हे तर खाली, घोडीच्या मागच्या ढोपरांच्या दिशेनं ओढावं. कळ थांबली की तुम्हीही थांबा. चार-पाच गड्यांनी दोर लावून ओढायचा प्रकार जनावराचा घात करतो.

शिंगरू बाहेर आलं, नाकावरची पिशवी काढली, ते फुरफुरलं, की पुन्हा मागं सरा. घोडी थोडा वेळ तशीच पडून राहते, शिंगराचे मागचे पाय अजून आतच असतात. तिला हुसकावून उठवू नका. नाळ कापू नका, दोऱ्यानं बांधूही नका. घोडी उठली किंवा शिंगरू धडपडलं की नाळ तिच्या बारीक जागी आपोआप तुटते आणि शिरा आकसून रक्त थांबतं. कात्रीनं कापलेली नाळ उलट वाहत राहते. तुटलेल्या टोकाला पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा. छोट्या वाटीत घेऊन नाळ त्यात बुडवली की झालं. दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन दिवस. शेण, राख, माती, यांतलं काही लावायचं नाही. नाळेतून विष शिरलं की आठवड्याभरात सांधे सुजतात, आणि मग ते शिंगरू तीन पायांवर उभं राहतं.

आता एक, दोन, तीन असे आकडे ध्यानात ठेवा. एका तासात शिंगरू उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत ते प्यायला लागलं पाहिजे, तीन तासांत घोडीची वार पडली पाहिजे. यांतलं एकही चुकलं तर डॉक्टर.

चिकाबद्दल सांगायचं राहिलं होतं. शिंगरू आईच्या पोटातून रोगाशी लढायचं बळ घेऊन येत नाही. ते सगळं बळ पहिल्या चिकात असतं. आणि शिंगराचं आतडं ते बळ फक्त पहिल्या दिवसापुरतं शोषून घेतं. पहिले सहा-आठ तास सर्वांत मोलाचे, चोवीस तासांनंतर दार जवळजवळ बंद. गाईच्या चिकाचा खरवस करायची आपल्याकडे रीत आहे, आणि वासराचं पोट भरून उरलेल्या चिकाचा केला तर माझी काही तक्रार नाही. घोडीच्या चिकाचा मात्र थेंबही वाया जाता कामा नये. ‘पहिला चीक जड असतो, शिंगराला बाधतो’ असं कुणी वडीलधाऱ्यानं सांगितलं, तर त्यांना नमस्कार करा आणि शिंगराला चीक पाजा. शिंगरू अशक्त असेल, उभं राहत नसेल, तर घोडी पिळून चीक स्वच्छ बाटलीत घ्या आणि शिंगरू छातीवर बसतं करून, चोखता येतं का पाहून, थोडा थोडा द्या. चोखता येत नसेल तर तोंडात ओतू नका; तो फुप्फुसात जाईल. डॉक्टर नळीनं पाजतील. फ्रिजमध्ये ठेवलेला चीक त्या वेळी कामाला येतो. तो गरम पाण्यात भांडं ठेवून कोमट करावा. उकळला तर त्यातलं बळ गेलं.

शिंगरू पीत आहे की नुसतं आचळाशी खेळतं आहे, हे कळायला एक साधी खूण आहे. घोडीची कास घट्ट भरलेली आणि शिंगराच्या कपाळावर दूध वाळलेलं दिसलं, तर ते पीत नाही. कासेखाली उभं राहतं, दूध गळून डोक्यावर पडतं, इतकंच. पोटभर पिणारं शिंगरू तासात अनेकदा पितं आणि मग निवांत झोपतं. पहिल्या दिवसात काळी, चिकट लीद पडली पाहिजे. शेपटी वर करून नुसतंच कुंथत असेल तर ती अडकली आहे.

आई गेली किंवा दूधच आलं नाही तर काय? म्हशीचं दूध देऊ नका. ते शिंगराला फार स्निग्ध होतं, हगवण लागते. मेंढपाळाच्या कळपात दोन-चार शेळ्या असतातच. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत शेळीचं दूध थोडं थोडं, दिवस-रात्र वरचेवर द्यावं.

आणि वार. गावात हिला जारही म्हणतात. गाईची वार दुसऱ्या दिवसापर्यंत लोंबत राहिली तरी आपण फारशी फिकीर करत नाही. घोडीची तीन तासांत पडली नाही तर ते संकट समजा. विष अंगात भिनतं, ताप चढतो आणि खुरांच्या आत सूज येऊन घोडी कायमची लंगडी होते. लोंबणारी वार घोडीच्या पायाखाली येऊ नये म्हणून तिचीच गाठ मारून वर घ्या, पण ओढू नका. दगड किंवा चप्पल बांधून वजन लावायचा प्रकार तर मुळीच नको. पडलेली वार कुत्र्यांना टाकू नका, पुरूही नका. बादलीत झाकून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. ती जमिनीवर पसरली की आखूड विजारीसारखी दिसते, तिला दोन पाय असतात. दोन्ही पायांची टोकं शाबूत आहेत का, ते पाहायचं. एक टोक जरी आत राहिलं असलं तरी घोडीला धोका आहे.

डॉक्टर, डॉक्टर असं मी इतक्या वेळा म्हणालो. पण रात्री दोन वाजता डॉक्टर मिळायचे कसे? हे आधी ठरवून ठेवायचं काम आहे. दिवस भरायच्या पंधरवडाभर आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन सांगा, ‘डॉक्टर, घोडी आमची या पंधरवड्यात विणार आहे. रात्री बोलावलं तर आपण याल का? नाहीतर कुणाला बोलवू?’ फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा फुकट फोनक्रमांक आहे. साल म्हणून लक्षात राहतं. तो कोणत्या वेळेत चालतो आणि तुमच्या तळापर्यंत गाडी किती वेळात येते, तेही त्याच भेटीत विचारा. अवघड शस्त्रक्रियेचं काम असेल तर आपल्याच मातीतल्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय शिरवळला आहे. पण अडलेली घोडी तिथपर्यंत नेण्याइतका वेळ सहसा नसतो, हेही ध्यानात घ्या. मेंढपाळ मंडळींनी मुक्काम हलवताना निदान विण्याच्या आठवड्यात डांबरी रस्त्याजवळ तळ टाकावा. रस्त्याकडेच्या रानाच्या मालकांनो, तेवढी जागा त्यांना द्या.

नदीकाठच्या लोकांना आणखी एक सांगणं. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कृष्णेनं काय केलं ते ब्रह्मनाळपासून भिलवडीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. घोडी आषाढ-श्रावणात विणार असेल तर पाणी दाराशी यायची वाट पाहू नका. दिवस भरलेली घोडी घाईगर्दीत ट्रकमध्ये चढवणं म्हणजे शिंगरू गमावणं. महिनाभर आधीच, पाऊस लागण्यापूर्वी, तिला उंचावरच्या नातेवाइकाकडे चालवत न्या.

व्यालेल्या घोडीचं दूध चालू असेपर्यंत तिची भूक जवळजवळ दुपटीला जाते. चंदी एकदम नव्हे, आठवड्याभरात हळूहळू वाढवा. ओझं निदान दीड-दोन महिने नको; नंतरही शिंगराला मागं चालता येईल एवढाच पल्ला ठेवा.

विल्यानंतर सहाव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास घोडी पुन्हा माजावर येते. त्याच दिवसांत शिंगराला थोडी पातळ लीद होते. शिंगरू खेळतं-पितं असेल तर तेवढ्यानं औषधं सुरू करू नका. मलूल झालं, पिणं सोडलं, तर मात्र लगेच दाखवा. या पहिल्या माजावर घोडी फळवावी का, असं पुष्कळ जण विचारतात. विणं सरळ झालं असेल, वार वेळेवर आणि पुरी पडली असेल, आणि माज दहाव्या दिवसानंतर आला असेल, तर डॉक्टरांकडून तपासून फळवायला हरकत नाही. वार अडकली होती, शिंगरू ओढून काढावं लागलं होतं, किंवा घोडी हाडावर आली आहे, तर हा माज सोडून द्या. तीन आठवड्यांनी दुसरा येतो.